बोलावणं नाही, आणि म्हणे आल्या नाहीत!

अहो, ऐकलंत का? या इकडे, जरा कुंपणाशी या. मोठ्यानं बोलायची सोय नाही, आत धाकट्या सूनबाईंचा कॉल चालू आहे. ऑफिसचा नव्हे हो, ऑफिस संपल्यानंतरचा. एक जर्मनीत, एक ब्राझीलमध्ये, एक आणखी कुठे, आणि सगळे मिळून फुकटात सॉफ्टवेअर लिहितात. ओपन सोर्स! तुमच्या जावयांच्याही तोंडी सारखं असतं ते, तुम्हाला काय सांगायचं.

तर तो लायनस हो. टोरवाल्ड्स! ज्याचं लिनक्स तुमच्या त्या अँड्रॉइड फोनच्या पोटात बसलंय, तोच. फिनलंडचा मुलगा, १९९१ साली कॉलेजात असताना घरात बसून लिहिलं आणि जगाला वाटून टाकलं. त्याच्या लग्नाची गोष्ट ठाऊक असेलच. नाही? अगंबाई! हेलसिंकीच्या विद्यापीठात शिकवायला होता, मुलांना गृहपाठ दिला की मला एक ईमेल करून दाखवा. बाकीच्यांनी केली असेल नमस्कार-चमत्काराची. एका मुलीनं सरळ लिहिलं, माझ्याबरोबर बाहेर येतोस का? तीच तोव्ह. झाली की बायको. सहा वेळा फिनलंडची कराटे चॅम्पियन, बरं का! पुढे तीन मुली. म्हणजे घरात चार बायका, त्यातली एक कराटेवाली. तिथे ह्याचा आवाज चढत असेल असं मला तरी वाटत नाही. सगळा जोर बाहेर.

आणि जोर म्हणजे कसला! कुणाचा कोड आवडला नाही की पार आई-बाप काढल्यासारखं लिहायचा, तेही सगळ्या जगासमोर, मोठ्या अक्षरांत. २०१२चा डिसेंबर, ऐन नाताळाच्या तोंडावर एका मेंटेनरला, म्हणजे कोड तपासून घेणाऱ्याला, असं काही झापलंय की सूनबाईनं मला ते वाचूनसुद्धा दाखवलं नाही. 'आई, तुमच्यासमोर नको,' म्हणाली. मी मागाहून मुलाकडून काढून घेतलं ते. बरं, मुद्दा ह्याचाच खरा होता, ते सगळेच मानतात. पण मुद्दा खरा असला म्हणून...

हां, तर ह्या ओरडण्याला पुरे म्हणणारं एक माणूस निघालं. सेज शार्प. आता ते स्वतःला बाईही म्हणवत नाहीत नि पुरुषही म्हणवत नाहीत, म्हणून मी आपलं आदरार्थीच बोलते. पण त्या काळात सगळे त्यांना बाई म्हणूनच ओळखायचे, हे ध्यानात ठेवा. इंटेलमध्ये होते. लिनक्समध्ये यूएसबी थ्री चालायला लागलं ते शार्प यांच्या हातच्या कोडमुळे, आणि सगळ्या सिस्टिम्समध्ये लिनक्सचा नंबर त्यात पहिला लागला होता. म्हणजे कुणी ऐरंगैरं नव्हे. २०१३चा जुलै. लायनसची ग्रेगशी थट्टा चालली होती, तो उंच, धिप्पाड ग्रेग क्रोआ-हार्टमन हो. तू फार मऊ वागतोस, जरा लोकांवर ओरडायला शीक, असं काहीसं. सगळे हसताहेत. आणि मधेच शार्प उठून म्हणाले, पुरे. असं ओरडणं, असं चारचौघांत अपमान करणं कुणाच्याच वाट्याला येता कामा नये. 'कुणाच्याच' म्हणाले हो! 'आम्हा बायकांशी नीट वागा' असं नव्हे. पुरुषांनाही हे नको असतं, पण त्यांच्यातल्या कुणाची बोलायची छाती नव्हती, आता बोला.

आणि ह्या राजेश्रींचं उत्तर काय यावं? मी माझ्या घरात आंघोळीनंतरचा झगा घालून कामाला बसलोय. जसा मी टाय लावणार नाही, तसं ते ऑफिसातलं खोटंखोटं गोड वागणंही मला जमणार नाही. झगा! माणसानं निदान हे सांगू तरी नये. सूनबाई सांगत होती की त्यावर कित्येकांनी टाळ्या पिटल्या. खरं बोलतो, ढोंग करत नाही, म्हणून. अहो, शिव्या न देणं म्हणजे ढोंग, हे कुठलं शास्त्र? आमचे मामंजीसुद्धा 'मी स्पष्टवक्ता' म्हणायचे, आणि त्यांचा स्पष्टवक्तेपणा साहेबापुढे कधी निघाल्याचं कुणाच्या स्मरणात नाही.

मग २०१५च्या मार्चमध्ये एक कागद केला त्यांनी. नाव काय ठेवावं, 'कोड ऑफ कॉन्फ्लिक्ट'. जगात सगळीकडे वागणुकीचे नियम असतात, ह्यांच्याकडे भांडणाचे! त्यात लिहिलेलं, तुमच्या कामावर टीका ही होणारच. फारच झालं तर अमुक मंडळाकडे या. त्याच वर्षी ऑक्टोबरात शार्प यांनी उघडपणे सांगून टाकलं, आता इथे राहायचं नाही. दार लावलं आणि गेले. दुसऱ्या कामाला लागले ते, त्याचं सांगते पुढे, तेच तर खरं सांगायचंय.

आता गंमत ऐका. २०१८. लिनक्सच्या मोठ्या मेंटेनर मंडळींची वर्षातून एकदा बैठक असते, ती कॅनडात व्हँकूव्हरला ठरलेली. आणि लायनसनं त्याच तारखांना घरच्यांसोबत स्कॉटलंडची सहल बुक करून ठेवली! विसरला म्हणे. हा म्हणाला, माझ्याशिवाय घ्या. बाकीच्यांनी काय केलं असेल? अख्खी बैठक उचलून एडिनबराला नेली. अहो, खरंच. आणि मग सप्टेंबरात ह्यानं पत्र लिहिलं, आवृत्ती ४.१९ची चौथी चाचणी निघाली त्याबरोबरच. आधी ह्या सहलीच्या घोटाळ्याची माफी, आणि मग सुरू झालं खरं. की ही बैठक टळेल तर बरं, असं मला आतून वाटत होतं, तेव्हा मी स्वतःकडे नीट पाहिलं. मी लोकांना वाटेल तसं बोललो, ते बरोबर नव्हतं. ज्यांना लागलं, जे कदाचित त्यामुळे काम सोडून गेले, त्यांची माफी मागतो. आणि लोकांच्या भावना कशा समजून घ्यायच्या ते शिकायला मदत घेणार आहे, तोवर ग्रेग सांभाळेल.

ग्रेग! ज्याला 'ओरडायला शीक' सांगत होता, तोच. नियतीलाही विनोद कळतो हो.

तीन दिवसांत न्यूयॉर्करमध्ये लेख. त्या मासिकानं ह्याच विषयावर प्रश्न विचारले होते आधीच, म्हणून पत्र आलं, असंही म्हणणारे आहेत, असेल, नसेल. तो भांडणाचा कागद मात्र गेला आणि त्या जागी वागणुकीचा आला. तो मूळचा कोरालीन आडा एमके यांनी २०१४मध्ये लिहिलेला, आणखी कितीतरी प्रकल्पांनी आधीच घेतला होता. काही पुरुषांचे चेहरे काय उतरले म्हणून सांगू! आता लिनक्स बुडालं, आम्ही आमचा कोड परत घेतो, इथवर मजल गेली. ऑक्टोबरच्या २२ तारखेला ४.१९ व्यवस्थित बाहेर पडलं, लायनस परत आला, आणि बुडालं बिडालं काही नाही. पुढे २०२४च्या नोव्हेंबरात एक मेंटेनर दुसऱ्याला नको तसं बोलला, तर समितीनं त्याला सांगितलं, पुढच्या एका फेरीत तुझं काही घेतलं जाणार नाही. एवढा हुशार माणूस, पण बसला बाहेर. दहा वर्षांपूर्वी हे कुणी सांगितलं असतं तर...

बरं, ते राहू द्या. मला ह्या सगळ्यात राग कशाचा येतो माहितीये? ते एक वाक्य आहे ना त्यांचं ठेवणीतलं: आम्ही कोड बघतो, माणूस बघत नाही. गुणवत्ता, गुणवत्ता, गुणवत्ता. हा सगळा कोड जिथे ठेवतात, त्या गिटहब कंपनीनं तर सॅन फ्रान्सिस्कोच्या ऑफिसात दर्शनी दालन थेट अमेरिकेच्या अध्यक्षांच्या खोलीसारखं केलेलं, आणि खाली हे भलं मोठं गोल जाजम, त्यावर विणून घेतलेलं, गिटहबचं संयुक्त गुणवत्ताराज्य! २०१४च्या जानेवारीत गुंडाळून ठेवलं ते. बायकांनी विचारलं ना, की बाबांनो, गुण कोण मोजतं? मोजणारे सगळे एकाच साच्यातले, आणि मोजपट्टीही त्यांचीच.

इथे मी सूनबाईला पकडलं होतं एकदा. रात्रीचे साडेअकरा झालेले, मी पाण्याला उठले, तर ही लॅपटॉप मांडीवर घेऊन बसलेली. सहज वाकून बघितलं. नावाच्या जागी नुसती आद्याक्षरं, आडनाव नाही, आणि फोटोच्या जागी निवडुंग. आमच्याच गॅलरीतला, त्याची ती चिरलेली कुंडीसुद्धा दिसत होती. मी म्हटलं, अगं, लग्नातला तो पैठणीतला इतका छान फोटो आहे, तो लाव की. ती हसली. म्हणाली, 'आई, निवडुंगाला उलट उत्तरं कमी येतात.'

मला वाटलं, पोरीच्या मनाचे खेळ. तर तिनं मला एक अभ्यासच काढून दाखवला. अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलिना स्टेट विद्यापीठातल्या आणि कॅलिफोर्नियातल्या काही जणांनी केलेला, २०१६ला आधी बाहेर आला आणि २०१७ला रीतसर छापला. गिटहबवर लोक आपले बदल पाठवतात ना, हे घ्या म्हणून, त्यांतले किती स्वीकारले जातात, ते त्यांनी मोजलं. आणि ऐका हं, बायकांचे जास्त स्वीकारले गेले! बायकांचे साधारण ७९ टक्के, पुरुषांचे ७५च्या आत. मी तर तिथेच टाळी दिली. 'थांबा,' म्हणाली, 'पुढे वाचा.' ज्या प्रकल्पात आपल्याला कुणी ओळखत नाही, तिथे नवख्या बाईनं पाठवलं आणि नावा-फोटोवरून ती बाई आहे हे कळत असलं, तर तिचा आकडा धाडकन खाली. तसा पुरुषांचाही खाली येतो ओळख दिसली की, पण बायकांचा जास्त. आणि न कळणारं नाव असलं की तीच बाई, तोच हात, पास.

म्हणजे कोड बघतात, माणूस बघत नाही, हे खरंच आहे हो. माणूस दिसत नसेल तोवर.

ह्यांना सांगितलं मी हे सगळं. हे पेपरातून डोकं वर न काढता म्हणाले, 'बायकांना त्यात आवडच नसते, त्याला कोण काय करणार.' आवड! मी म्हटलं, सूनबाई, सांग गं तुझ्या सासऱ्यांना ते आकडे. २००६ साली युरोपात पाहणी झाली होती, त्यात बाहेरच्या, म्हणजे विकत घ्यायच्या सॉफ्टवेअरच्या धंद्यात बायका २८ टक्के होत्या. आणि ह्या सगळ्यांसाठी खुल्या, या-कुणीही-या म्हणणाऱ्या जगात किती? दीड टक्का. दीड! गिटहबनं स्वतः २०१७ला विचारपूस केली तेव्हाही ३ टक्केच. कंप्युटरची आवड नसती तर तिकडे २८ कुठून आल्या? ह्यांनी चष्मा पुसला. चष्मा पुसायला लागले की समजायचं, उत्तर सापडत नाहीये.

आणि वेळेचं कुणी बोलतच नाही. हे काम कधी करायचं, तर रात्री, रविवारी, 'फावल्या वेळात'. आपल्या सरकारनंच २०१९ला पाहणी केली होती, कोण दिवसभरात किती वेळ काय करतं ह्याची. घरचं बिनपगारी काम करणाऱ्या बायकांची त्यात रोजची २९९ मिनिटं जातात, म्हणजे पाच तास. पुरुषांची ९७. तेही जे करतात त्यांचीच, बरं का! आता सांगा, फावला वेळ कुणाकडे? आणि नोकरीच्या मुलाखतीत काय विचारतात, तर तुमचं गिटहब दाखवा. हिला विचारलं होतं हो एका कंपनीत, नाव नाही घेत. मुलाखत घेणारा म्हणे, तुमच्या प्रोफाइलवर गेल्या वर्षी फारसं काही दिसत नाही. गेल्या वर्षी काय दिसणार होतं? बाळ दिसत होतं! ॲश ड्रायडन म्हणून आहेत, त्यांनी २०१३मध्येच हे सगळं खणखणीत लिहून ठेवलंय, की फुकट राबायची ऐपत ज्यांना, त्यांचंच नाव होतं. कोण वाचतो.

तर मुख्य ते सांगायचं राहिलंच. ग्नोमचं. लिनक्सवर खिडक्या-बटणं दिसतात ना, ते ग्नोमवाले. उन्हाळ्यात गूगल मुलांना पैसे देऊन अशा प्रकल्पांत कामाला लावतं, त्यासाठी २००६ला ह्यांच्याकडे १८१ अर्ज आले. बायकांचे किती? एकही नाही. शून्य. आता आपल्या ह्यांच्यासारखे असते तर म्हणाले असते, बघा, आवडच नाही. पण तिथे हॅना वॉलक म्हणून एक आणि ख्रिस बॉल म्हणून एक, ह्या दोघांनी काय केलं, तेच काम, तसेच पैसे, फक्त जाहिरातीत लिहिलं की हे बायकांसाठी आहे, या. किती अर्ज यावेत? शंभरच्या वर! त्याच उन्हाळ्यात! सहाजणींना घेतलं.

लग्नाची पत्रिका द्यायची नाही, अक्षता पाठवायच्या नाहीत, आणि मग मांडवात उभं राहून म्हणायचं, बघा, अमक्यांकडचं कुणी आलं नाही, त्यांना हौसच नाही. तसलं हे.

पण पुढे ऐका. एका उन्हाळ्यानंतर ते बंद पडलं. असंच होतं बघा, चांगल्या गोष्टीला पाठपुरावा करणारं माणूस लागतं. ते २०१०ला मिळालं. मरीना झुराखिन्स्काया. रेड हॅटमध्ये होती, आपल्या मगरपट्ट्यात ज्यांचं मोठं ऑफिस आहे ना, तेच. तिनं पुन्हा सुरू केलं आणि नुसतं बोलावणं ठेवलं नाही. दारात उभं राहून हात धरून आत नेणारं माणूस ठेवलं. अर्ज करतानाच एक छोटासा बदल करून पाठवायचा, आणि तो कसा करायचा हे शिकवायला मेंटॉर. सूनबाई म्हणते, सगळी मेख तिथे आहे. पहिला पॅच पाठवणं हेच अवघड. एकदा कुणी 'छान, घेतला' म्हटलं की माणूस राहतं. त्यालाच आता आउटरीची म्हणतात. बाळंतपणानंतर हिनं तिथूनच पुन्हा सुरुवात केली, तीन महिने, घरबसल्या, वर स्टायपेंड. सात हजार डॉलर, हो! आमच्या ह्यांचा आवडीचा मुद्दा तिथेच अर्धा गळाला होता खरा.

आणि शार्प? दार लावून गेलेले शार्प? तिथेच की! लिनक्सच्या मंडळींकडून नवख्यांना आत आणायचं काम ते आधीपासून करत होते, पुढे आउटरीचीच सांभाळू लागले. एक दार लावलं, दुसऱ्या दारात उभे राहिले. २०२३पर्यंत हजार जण आत आले असे. मरीनाला मात्र तो आकडा बघायला मिळाला नाही. कॅन्सर. २०२२ला गेली. सूनबाई कधी तिला भेटलेली नाही, पण त्या दिवशी हिचं जेवणात लक्ष नव्हतं.

आणि हो, त्यांची ती कॅरन सँडलर! तिची गोष्ट ऐकून मी हातातलं काम टाकून बसले होते. वकीलबाई. आधी ग्नोमच्या संस्थेची प्रमुख, मग आउटरीचीचं घर जिथे आहे त्या सॉफ्टवेअर फ्रीडम कन्झर्व्हन्सीची. तिच्या हृदयाचा आकार वाढलेला, अचानक बंद पडायची भीती, म्हणून छातीत यंत्र बसवलेलं. गडबड झाली की शॉक देतं ते. हिनं डॉक्टरांना विचारलं, ह्यातलं सॉफ्टवेअर मला बघायला मिळेल का? डॉक्टर बघतच राहिले म्हणे, ह्यात सॉफ्टवेअर असतं हे त्यांच्या कधी मनातही आलं नव्हतं. कंपन्यांनी नाही म्हटलं ते म्हटलंच. पुढे ही गरोदर राहिली. गरोदरपणात धडधडतंच हो, आपल्याला माहिती आहे. पण यंत्राला कुठे माहिती? त्याला वाटलं, धोका! दिला शॉक. एवढे फुलासारखे जपायचे ते दिवस, आणि आतूनच झटके. शेवटी हृदयाचे ठोके मंदावायची औषधं घेऊन काढले तिनं ते महिने, धड जिना चढता येईना. यंत्र बसवून घेणारे बहुतेक म्हातारे पुरुष, तेव्हा बाळंतपणाचा विचार करणार कोण? लिहिणाऱ्यांत कुणी बाई असती तर... असं मी म्हणत नाही, कॅरनच सगळीकडे सांगत फिरते.

नाही, सगळेच तसे नाहीत हं. पायथॉन म्हणून प्रोग्रॅमिंगची भाषा आहे, तिचा तो खिडो फान रॉसम, डच. २०१५ला माँट्रियलला त्यांच्या पायकॉन संमेलनात भाषणाला उभा राहिला तो 'पायथॉन मुलींसाठी आहे' अशा अर्थाचा टीशर्ट घालून! साठीला टेकलेला माणूस. आणि म्हणाला, मुख्य डेव्हलपरांत एकही बाई नाही, मला वर्षभरात दोन तरी हव्यात, आणि शिकवायला मी स्वतः बसतो. तिथे प्रेक्षकांत होती मारियाता विजाया, मूळची इंडोनेशियाची, व्हँकूव्हरला राहणारी. लगेच काही बोलली नाही ती. आपण नाही का, 'या हं घरी' म्हटलं तर खरंच जावं की नाही ते तोलत बसतो. वर्षानं तिनं विचारलं त्याला, शिकवाल का? बसला की तो शब्दाप्रमाणे. २०१७ला ती पायथॉनची पहिली स्त्री कोअर डेव्हलपर झाली. वर्षात दोन नाहीत, दोन वर्षांत एक. पण झाली.

त्या पायकॉनचंच बघा ना. २०११ला भाषणं करणाऱ्यांत बायका १ टक्का. २०१२ला ७, मग १५, मग ३३, आणि २०१६ला ४०. पाच वर्षांत पायथॉन शिकणाऱ्या बायका चाळीसपट झाल्या का? छे! जेसिका मॅककेलर आणि मंडळींनी एकेकीला गाठून विचारलं, बोलशील का? आणि प्रस्ताव वाचताना नावं झाकली.

ह्याउलट ते रूबीवाले, तीही प्रोग्रॅमिंगची भाषाच. २००९, सॅन फ्रान्सिस्को. एक जण डेटाबेसवर बोलायला उभा राहिला आणि पडद्यावर अर्ध्या-कपड्यातल्या बायकांची चित्रं. डेटाबेस! मेला काय संबंध! हॉलमध्ये मोजक्या बायका, त्यांचे चेहरे काय झाले असतील. 'विनोद होता' म्हणे. पण त्यातून दोन सारा उठल्या, सारा मेई आणि सारा ॲलन, आणि रेल्सब्रिज काढलं. शनिवार-रविवारी फुकट वर्ग, आणि मुलं सांभाळायची सोयसुद्धा. बाईनं काढलेलं काम लगेच ओळखू येतं.

त्याच वर्षी ते स्टॉलमन, फ्री सॉफ्टवेअरचे आद्यपुरुष हो, जुन्या कंप्युटरच्या तबकडीचं प्रभामंडळ डोक्यामागे लावून संत बनायचे. स्पेनच्या त्या बेटावरच्या संमेलनात, भर व्यासपीठावरून, त्यांचं ते ईमॅक्स सॉफ्टवेअर न वापरलेल्या मुलींवर असा काही विनोद केला की... नको, शेजारी ऐकतील. आणि गंमत अशी, की २०१३चा सामाजिक कामाचा पुरस्कार त्यांच्याच संस्थेनं कुणाला द्यावा? मरीनाच्या कार्यक्रमाला! मग स्वतः स्टॉलमन २०१९ला दुसऱ्याच बोलण्यावरून संस्थेतून गेले, आणि २०२१ला संचालक मंडळावर परत. ह्यावर सूनबाईच्या ग्रुपमध्ये अजून भांडणं होतात. मी विचारत नाही, ती विषय निघाला की पोळ्या जोरात लाटते.

काय म्हणालात? आमच्याकडे काय झालं शेवटी? अहो, ह्यांनी परवा जेवताना एकदम विचारलं तिला. मऊ आवाजात, म्हणजे हरल्याचीच खूण. 'अगं, त्या निवडुंगाच्या जागी तुझा फोटो का नाही लावत? आता ओळखतात ना तुला तिथे?' आमच्या मुलानं वाढता वाढता हात थांबवला. तीही थांबली. वरण-भात कालवता कालवता विचार केला तिनं.

'लावते की बाबा,' म्हणाली. 'आधी हा पॅच मर्ज होऊ दे.'